इन्स्टॉल करणं सोपं कुठे: विंडोज, मॅक की लिनक्स?

कळफलक

गेल्या दोन आठवड्यांत एकच सॉफ्टवेअर तीन ठिकाणी इन्स्टॉल करायची वेळ आली. आवाज रेकॉर्ड करायचं, फुकट, मुक्त स्रोत, तिन्ही ओएसवर चालणारं. बाबांकडे विंडोज, मावशीकडे मॅक, माझ्याकडे लिनक्स. दहा मिनिटांचं काम, म्हणून बाबांना आणि मावशीला फोनवरच सांगायला बसले.

मावशीची डीएमजी फाइल उतरली, उघडली. खिडकीत डावीकडे सॉफ्टवेअरचं चिन्ह, उजवीकडे ॲप्लिकेशन्सचा फोल्डर, मधे बाण.

"काय दिसतंय?"
"बाण दिसतोय."
"हां, मग आता..."
"दाबला की. काही होत नाही. दोनदा दाबला, तरी नाही."

तो बाण म्हणजे नुसतं मागचं चित्र आहे, हे इतकी वर्षं मॅक हाताळून माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. घाईत म्हटलं, डावीकडच्या चिन्हावर डबल-क्लिक कर. (चूक माझी. ओढून फोल्डरवर टाक, असं सांगायला हवं होतं.) सॉफ्टवेअर उघडलं, मावशीने ते खाली डॉकमध्ये ठेवलं, आम्ही दोघी खूश. चार दिवसांनी फोन: "अगं, ते गेलं. खाली नुसतं प्रश्नचिन्ह उरलंय."

बाबांची तऱ्हा वेगळी. सर्चमध्ये नाव टाकून जे पहिलं पान आलं ते उघडलं. त्यावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन बटणं, आणि सगळ्यात मोठं होतं ते जाहिरातीचं. नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. सॉफ्टवेअर आलं, पण सोबत ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललं आणि 'तुमच्या संगणकात ३१४ दोष आहेत' असं सांगणारा एक पाहुणाही आला.

माझ्याकडे एक ओळ टाइप केली, अर्ध्या मिनिटात झालं. पण आवृत्ती जुनी निघाली, मला हवी ती सोय तिच्यात नव्हती. मग कुठेतरी वाचून तिसऱ्याच कुणाची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं ऑनलाइन कोठार) जोडली. नवी आवृत्ती मिळाली खरी, पण पुढच्या वेळी सगळी सिस्टिम अपग्रेड करायला गेले तर पॅकेजेस एकमेकांत अडकून बसलेली. शनिवार त्यात गेला.

तर मंडळी, सोपं नेमकं कुठे आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धवट

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

टिचकीबहाद्दर

बाबांचा किस्सा ओळखीचा आहे, पण तो दोष विंडोजचा नाही, त्या पानाचा आहे. मूळ निर्मात्याच्या साइटवरून फाइल घेतली असती तर काहीच झालं नसतं. एक ईएक्सई फाइल, तिच्यावर डबल-क्लिक, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. ज्याने आयुष्यात कधी संगणक शिकला नाही त्यालाही हे जमतं. विंडोज ९५ मध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' आलं तेव्हापासून काढून टाकायचीही सोय एका जागी आहे. दुसरं म्हणजे, वीस वर्षांपूर्वीचा सेटअप आजच्या विंडोजवर बरेचदा तसाच चालतो. लिनक्सवाल्यांनी हे करून दाखवावं.

कळफलक

मूळ साइट कोणती हे बाबांना कसं कळावं, हाच तर प्रश्न आहे ना? सगळ्या पानांवर तोच लोगो असतो.

विहीरपोहरा

मॅकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मावशींचं काय झालं ते समजलं तर पुन्हा होणार नाही.

डीएमजी म्हणजे डिस्क इमेज, एका फाइलमध्ये बंद केलेली छोटी डिस्क. उघडली की पेनड्राइव्ह लावल्यासारखी ती जोडली जाते. मावशींनी सॉफ्टवेअर त्या 'पेनड्राइव्ह'वरूनच चालवलं. मॅक बंद करून पुन्हा सुरू केला, ती डिस्क निघाली, डॉकमधल्या चिन्हाला आपलं घर सापडेना, म्हणून प्रश्नचिन्ह. सॉफ्टवेअर गेलं नाही, ते कधी आलंच नव्हतं. डीएमजी अजून डाउनलोड्समध्ये पडलेली असेल.

ओढून टाकण्यामागची कल्पना मात्र सुरेख आहे. आपल्याला जे एक चिन्ह दिसतं तो प्रत्यक्षात फोल्डर असतो. त्यावर राइट-क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हणा. आत प्रोग्रॅम, चित्रं, लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड), माहितीची एक फाइल, सगळा संसार एकत्र. ही पद्धत नेक्स्टस्टेपमधून आली. ॲपलने नेक्स्ट कंपनी १९९७ मध्ये घेतली आणि पुढे मॅक ओएस एक्स त्याच पायावर उभं राहिलं. इन्स्टॉल म्हणजे फोल्डर आणून ठेवणं, काढणं म्हणजे कचऱ्यात टाकणं. निदान तत्त्वतः.

आता कुरकुर. २०१२ पासून गेटकीपर नावाचा मॅकचा पहारेकरी दारात बसलाय. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला 'क्वारंटाइन'चा शिक्का लागतो आणि पहिल्यांदा उघडताना तपासणी होते. मॅकच्या कॅटालिना आवृत्तीच्या काळापासून, म्हणजे २०१९-२० पासून, ॲप स्टोअरबाहेर सॉफ्टवेअर देणाऱ्यानेही ते ॲपलकडून 'नोटराइज' करून, म्हणजे तपासून शिक्का मारून, घ्यावं अशी अपेक्षा असते. एखाद्या हौशी माणसाने केलेलं, शिक्का नसलेलं सॉफ्टवेअर असलं तर पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की 'ओपन' म्हणता यायचं. २०२४ च्या सिकोया आवृत्तीत ती पळवाटही बंद झाली. आता सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे खाली जाऊन 'ओपन एनीवे'. हे फोनवर सांगून बघा.

टिचकीबहाद्दर

विंडोजवरही स्मार्टस्क्रीन तेच करतं. निळी पाटी येते, तिच्यावर ठळक बटण एकच, 'डोन्ट रन'. पुढे जायचं बटण 'मोअर इन्फो' दाबल्याशिवाय दिसतच नाही. तरी मॅकपेक्षा दोन टिचक्या कमीच.

जुना खिळा

तुम्ही सगळे नशीबवान आहात. आम्ही स्लॅकवेअर या जुन्या लिनक्सवर सुरुवात केली. पॅकेज म्हणजे एक दाबून बांधलेलं गाठोडं. त्याला दुसरं काय लागतं हे ते गाठोडं सांगत नसे. चालवल्यावर 'अमुक लायब्ररी सापडली नाही' असं ऐकून आपण ती शोधायला निघायचं. आरपीएम आणि डेब या पॅकेजच्या पद्धती आल्यावर पॅकेज निदान तोंडाने बोलायला लागलं, की मला हे हे लागतं. पण आणायचं मात्र आपणच. 'क' टाकायला गेलं की 'ख' हवा, 'ख'ला 'ग' हवा, आणि 'ग' म्हणे माझं 'क'च्या जुन्या आवृत्तीवाचून चालत नाही. रात्र संपायची.

खरी क्रांती केली ती एपीटीने, म्हणजे पॅकेजेस आणून लावणाऱ्या साधनाने. डेबियन या लिनक्सचा जन्म १९९३ चा, पण एपीटी १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आलं. तेव्हापासून यादी बघणं, लागणारं सगळं आणणं, सही तपासणं, क्रमाने लावणं, हे सगळं यंत्राने करायचं आणि माणसाने फक्त 'वाय' दाबायचं. (सही तपासणं थोडं उशिरा आलं, २००७ च्या 'एच' या डेबियन आवृत्तीत.) ॲप स्टोअर हा शब्द लोकांच्या तोंडी यायच्या कितीतरी आधी हे रोज चालत होतं. कळफलक, तुम्हाला अर्ध्या मिनिटात जे मिळालं ते यामुळे.

आणि जी आवृत्ती 'जुनी' म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, ती मुद्दाम जुनी असते. डेबियन स्टेबल म्हणजे सगळी पॅकेजेस एकत्र चालवून बघून, गोठवून ठेवलेली. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नव्या गमती येत नाहीत. बाहेरची रिपॉझिटरी जोडणं म्हणजे ठरलेल्या लग्नाच्या पंगतीत आपले दहा पाहुणे न सांगता आणून बसवणं. पानं कमी पडली तर आचाऱ्याला शिव्या घालू नयेत.

सशाचं शिंग

खिक्क. पण काका, पंगतीचं ठीक आहे हो, २०२१ मध्ये एका पाहुण्याने 'स्टीम' (गेम्सचं दुकान) मागितलं तर मांडवच उतरवला होता, ते विसरलात का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबवाल्याने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम इन्स्टॉल करायला घेतलं. खिडकीतून जमेना, म्हणून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) गेला. त्या दिवसांत तिथल्या पॅकेजांत एक गाठ पडली होती, आणि एपीटीने ती सोडवायला काय मार्ग काढला, तर अख्खं डेस्कटॉप काढून टाकायचं. तसं स्पष्ट लिहूनही दाखवलं, आणि खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे अक्षर अन् अक्षर टाइप करा म्हणालं. त्याने केलं. काळा पडदा उरला.

जुना खिळा

विसरलो नाही. पण यंत्राने वाचून दाखवलं होतं.

सशाचं शिंग

दोनशे ओळींच्या मजकुरात मधेच कुठेतरी. नेक्स्ट नेक्स्ट करून बाबांकडे पाहुणा आला, येस येस करून त्याचं डेस्कटॉप गेलं. सवय एकच आहे, न वाचता पुढे जायची. आणि ती सवय लावली कुणी? प्रत्येक वेळी इतका मजकूर दाखवणाऱ्यांनीच ना?

विहीरपोहरा

+१. नंतर एपीटीच्या लोकांनी ती वाट बरीच अवघड करून ठेवली. म्हणजे त्यांनाही पटलंच की.

आळशी खार

मला एक बाळबोध शंका आहे. तिन्हीकडे आता स्टोअर आहे ना? मॅकचं २०११ पासून, विंडोजचं २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलं, लिनक्सवरही पिशवीचं चिन्ह असतं. फोनवर आपण तेच करतो, मग इथे का नाही करत?

विहीरपोहरा

करावं की! असेल तर आधी तिथूनच घ्यावं. पण सगळं तिथे नसतं. मॅकच्या स्टोअरमधल्या सॉफ्टवेअरला सँडबॉक्समध्ये, म्हणजे आखून दिलेल्या कुंपणात, राहावं लागतं, आणि डिस्कची पूर्ण साफसफाई किंवा खिडक्यांची मांडणी अशी कामं करणाऱ्यांना ते जाचतं. काहींना स्टोअरवाल्याला वाटा द्यायचा नसतो. मग सवय अशी लागते की सॉफ्टवेअर पाहिजे की ब्राउझर उघडायचा.

निस्तरू

इतका वेळ गप्प होतो. मी कार्यालयात हेच काम करतो. दोनशे-अडीचशे संगणक, बहुतेक विंडोज, थोडे मॅक, सर्व्हरवर लिनक्स. माझा प्रश्न असा की सोपं कुणासाठी? बटण दाबणाऱ्यासाठी, की नंतर निस्तरणाऱ्यासाठी?

एका संगणकावर नेक्स्ट नेक्स्ट फिनिश गोड लागतं. दोनशेंवर ते करता येत नाही. सेटअपने काही न विचारता गुपचूप चालायला हवं. तर विंडोजवर त्याची गंमत ऐका. एमएसआय फाइल असेल तर मागे 'क्यूएन' लावायचं. इनो सेटअप या साधनाने बांधलेली असेल तर 'व्हेरीसायलेंट'. एनएसआयएसने बांधलेली असेल (ज्यांनी विनॅम्प केला त्याच नलसॉफ्टने आपल्या वाटपासाठी केलेलं हे साधन) तर नुसता 'एस', आणि तोही कॅपिटलच. स्मॉल एस लावला तर ते ऐकत नाही आणि सरळ खिडकी उघडून 'वेलकम' म्हणत बसतं. रात्री एक वाजता, दोनशे संगणकांवर, समोर कुणी नसताना. मी एकदा सकाळी येऊन दोनशे वेलकम बघितले आहेत. वरून फाइल बघून ती कशाने बांधली आहे ते कळत नाही. सगळ्यांचा चेहरा ईएक्सईचाच.

लिनक्सवर हे दुखणं जवळपास नाही. एक ओळ, दोनशे काय दोन हजार संगणक. कारण तिथे पॅकेज हे काय कुठे ठेवायचं ते सांगणारी यादी असते, आणि ठेवणारा एकच. विंडोजवर प्रत्येक सेटअप हा स्वतःच एक स्वतंत्र प्रोग्रॅम. आपण त्याला घराची किल्ली देतो आणि म्हणतो, बाबा रे, तूच ठरव काय करायचं ते. काढून टाकतानाही तोच येतो आणि तोच ठरवतो की काय मागे ठेवायचं.

विंगेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने माझं आयुष्य बरंच सुधारलं, हे कबूल करतो. २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ते करतं काय, तर प्रत्येक सॉफ्टवेअरची एक छोटी चिठ्ठी ठेवतं: फाइल निर्मात्याकडे कुठे आहे, तिचा हॅश (फाइलचा ठसा) काय, ती कशाने बांधली आहे. त्यामुळे कॅपिटल एस लावायचा की व्हेरीसायलेंट, हे त्याचं ते बघतं. कळफलक, बाबांच्या संगणकावर बहुधा ते आधीपासूनच असेल. नाव सांगायचं, खरी फाइल खऱ्या जागेवरून येते, हॅश जुळला नाही तर थांबते. तीन हिरव्या बटणांचा विषयच संपला.

मॅकवर तेच काम होमब्रू करतं. डीएमजी उघडणं, ओढणं, डिस्क काढणं, सगळं एका ओळीत.

टिचकीबहाद्दर

दोनशे वेलकम. दंडवत स्वीकारा.

अर्धवट

ती लिनक्सची आज्ञा, 'सुडो' वगैरे लिहिलेली, कुणी इथे देईल का? चिकटवून बघतो.

निस्तरू

देवनागरीत चिकटवून काही होणार नाही, आणि धाग्यावरचं न समजता चिकटवू तर मुळीच नका. वर एवढी चर्चा कशावर चालली आहे?

आळशी खार

लिनक्सवर ते स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज असं तिहेरी काय प्रकरण आहे? एकाच सॉफ्टवेअरच्या पानावर चार पर्याय दिसले, घाबरून खिडकी बंद केली.

विहीरपोहरा

थोडक्यात: डेब किंवा आरपीएम हे त्या त्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) मापाने शिवलेले कपडे. निर्मात्याला प्रत्येकासाठी वेगळं शिवायचा कंटाळा येतो. म्हणून सगळ्यांना बसेल असं काहीतरी. स्नॅप हे उबंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं, मुख्यतः उबंटूवर. फ्लॅटपॅक जवळपास कुठेही, फ्लॅटहब या कोठारावरून. पहिल्या फ्लॅटपॅकबरोबर काहीशे एमबीचा रनटाइम (चालायला लागणारा सामायिक भाग) उतरतो आणि माणूस दचकतो. पुढच्या सॉफ्टवेअरला तोच लागत असला तर पुन्हा उतरत नाही. ॲपइमेज म्हणजे मॅकच्या कल्पनेची चुलत बहीण, एक फाइल, चालवायची परवानगी द्यायची आणि उघडायची.

मला विचाराल तर आवृत्ती नवी हवी असेल तिथे फ्लॅटपॅक, बाकी सगळं डिस्ट्रोचं. कळफलक यांचा शनिवार वाचला असता.

सशाचं शिंग

'परवानगी द्यायची आणि उघडायची' म्हणे! उबंटू २२.०४ वर ॲपइमेजवर डबल-क्लिक करा. काहीही होत नाही. चूक नाही, खिडकी नाही, आवाज नाही. मी तीन वेळा पुन्हा उतरवली. शेवटी टर्मिनलमधून चालवली तेव्हा कळलं की फ्यूजची जुनी लायब्ररी, लिबफ्यूज२, लागते, आणि ती त्या आवृत्तीत आधीपासून घातलेली नसते. म्हणजे 'काहीही इन्स्टॉल न करता चालणारं' सॉफ्टवेअर चालवायला आधी एक गोष्ट इन्स्टॉल करायची. अशी मौज.

जुना खिळा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

अर्धवट

जुना खिळा यांनी माघार घेतली! तारीख नोंदवा.

आळशी खार

पण रिपॉझिटरी असली की डोळे मिटून भरवसा ठेवायचा का? मागे ते एक्सझेडचं काय झालं होतं?

निस्तरू

चांगला मुद्दा. मार्च २०२४. एक्सझेड हे दाबून बांधायचं छोटंसं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारं. त्याच्या सांभाळकर्त्यांत शिरलेल्या एकाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना तो सापडला. अर्धा सेकंद! डेबियनच्या चाचणीच्या शाखांत ते पोचलं होतं, स्टेबलमध्ये नाही. जुना खिळा यांची 'मुद्दाम जुनी' आवृत्ती त्या दिवशी कामाला आली. पण सही खरी होती, पॅकेज खरं होतं, माल खोटा होता. तेव्हा डोळे मिटून कुठेच नाही. फक्त, एका जागी बिघडलं तर एका जागी दुरुस्त होतं. दोन दिवसांत जुनी आवृत्ती परत लावली गेली. तेच तीनशे वेगवेगळ्या साइटवरून उतरवलेल्या तीनशे सेटअपमध्ये असतं तर कुणाकुणाला कळवणार होतो?

टिचकीबहाद्दर

काढून टाकण्याबद्दल कुणीच नीट बोललं नाही. मॅकवाले म्हणतात कचऱ्यात टाका, झालं. माझ्या भावाच्या मॅकवर लायब्ररी फोल्डरात तीन वर्षांपूर्वी 'काढलेल्या' सॉफ्टवेअरचा ११ जीबी मजकूर सापडला.

विहीरपोहरा

म्हणून वर 'तत्त्वतः' लिहिलं होतं. सेटिंग आणि साठवण होम फोल्डरातल्या त्या लायब्ररी फोल्डरात राहते, मुख्य चिन्ह तेवढं जातं. होमब्रूने घातलं असेल तर काढताना 'झॅप' म्हणायचं, त्यात नोंदलेलं उरलंसुरलंही जातं. लिनक्सवरही 'पर्ज' केलं तरी तुमच्या होम फोल्डरातलं तसंच राहतं. आणि विंडोजच्या ॲपडेटा फोल्डराबद्दल मी बोलावं असं वाटतं का?

टिचकीबहाद्दर

नको. ह. घ्या.

कळफलक

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

मावशीकडे स्वतः गेले. डाउनलोड्समध्ये तीच डीएमजी चार वेळा उतरवलेली. या वेळी तिच्याच हाताने चिन्ह ओढून फोल्डरवर टाकायला लावलं. टाकल्यावर तिने विचारलं, "मग तो बाण कशाला काढलाय, दाबायचा नव्हता तर?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणाकडे असेल तर सांगा.

माझ्या लिनक्सवरून ती बाहेरची रिपॉझिटरी काढली, डिस्ट्रोची आवृत्ती परत आणली, नवी फ्लॅटपॅकमधून घेतली. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतायत. रनटाइम बघून दचकलेही.

बाबांच्या डेस्कटॉपवर एक फाइल ठेवली आहे. तिच्यात विंगेटने सगळं अपग्रेड करायची एकच ओळ. रविवारी डबल-क्लिक करायची, मधे परवानगी विचारली तर द्यायची, बस. काल बाबांचा फोन आला. काळी खिडकी आली, काहीतरी सरकलं, आपोआप बंद झाली. पण नेक्स्ट कुठेच आलं नाही, त्यामुळे ते झालंच नसावं असं त्यांचं ठाम मत आहे. दोनदा पुन्हा चालवून बघितलंय म्हणे.